कोपरा फाटलेलं कार्ड

॥ श्रीगुरवे नमः ॥



या गुरुवारचे निरूपण जरा वेगळ्या विषयावर आहे. गेले काही गुरुवार आम्ही इंदूरच्या बायका दासबोधातला चौथा दशक वाचतो आहोत. नवविधा भक्ती. पहिलाच समास श्रवणाचा. आमच्यापैकी बऱ्याच जणींचा हा दशक अनेकदा वाचून झालेला, त्यामुळे श्रवण म्हणजे कीर्तनाला बसणे, पोथी ऐकणे, महाराजांचे प्रवचन फोनवर लावून भाजी निवडणे, असे आम्ही धरूनच चाललो होतो. मग आमच्यातल्या एका घरी एक गोष्ट घडली आणि तो समास पुन्हा पहिल्या ओवीपासून वाचावा लागला. ज्यांच्या घरची गोष्ट आहे त्या ताईंना विचारून लिहीत आहोत. त्यांच्या लेकीलाही विचारले. नाव लिहू नका, बाकी सगळं लिहा, असं तीच म्हणाली.

लेक पुण्याला इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, होस्टेलवर राहते. घरचा व्हॉट्सॲप गट मोठा, आजोबांपासून नववीतल्या चुलतभावापर्यंत बावीस माणसे. एका गुरुवारी सकाळी तिने मैत्रिणींच्या गटावर टाकायचा मेसेज चुकून घरच्या गटावर टाकला. इंग्रजी अक्षरांत लिहिलेले मराठी, 'बस झालं आता', पुढे के. एम. एस. अशी तीन अक्षरे आणि एक कवटीचे चित्र.

काकांनी लिहिले, "किती केएमएस? ट्रेकला चाललीस का?" आजोबांनी दत्तमहाराजांचे चित्र आणि 'शुभ गुरुवार' टाकले. ते रोजच टाकतात, पण त्या दिवशी ते नेमके त्याच्या खाली आले. एका काकूंनी हात जोडले, आत्याने अंगठा दाखवला. ताई स्वतः तेव्हा प्रसादाचा शिरा हलवत होत्या. त्यांनी एका हाताने लिहिले, "जेवलीस का ग." तिकडून उत्तर आले, "हो".

चुलतभावाने गट म्यूट करून ठेवलेला होता. (आमच्या सगळ्यांच्या घरी मुलांनी तसेच केलेले असते, आपल्याला माहीत नसते इतकेच.) रात्री जेवताना त्याने काहीतरी शोधायला फोन उघडला, वर सरकवत गेला आणि थांबला. म्हणाला, "काकू, हे तुम्ही वाचलंत का? हे किलोमीटर नाहीयेत." ती तीन अक्षरे तीन इंग्रजी शब्दांची होती. अर्थ असा की मी जीव देते. पोराने लगेच सांगितले, घाबरू नका, सगळेच लिहितात, गृहपाठ जास्त आला तरी लिहितात, आणि कवटी म्हणजे तर हसून हसून मेलो. ताईंच्या हातातली पोळी हातातच राहिली.

त्यांनी फोन लावला. लेक हसली. "अगं आई, गंमत असते ती. तुला कोणी सांगितलं?" ताईंना तेच ऐकायचे होते आणि तेच त्यांनी ऐकले. पण रात्री झोप लागेना. दुसऱ्या दिवशी त्या पुण्याच्या गाडीत बसल्या. तिकीट नव्हते, टीसीला हात जोडले.

तिथे गेल्यावर कळले की लेक चार दिवस मेसला गेलेली नव्हती. दोन विषय राहिले होते ते घरी सांगितले नव्हते. खोलीतली मैत्रीण दुसरीकडे राहायला गेली होती, त्यामुळे रात्र रात्र जागायचे आणि सकाळचे वर्ग बुडवून झोपायचे, असे चालले होते. पहिला दिवस तिने "काही नाही ग, तू उगीच आलीस" म्हणून काढला. दुसऱ्या रात्री दिवा बंद केल्यावर म्हणाली, "गंमतच होती आई. पण रोजच गंमत लिहीत होते."

तिने आईला फोनवर आणखी एक गोष्ट दाखवली. आपण गटावर काही टाकले की कोणी कोणी वाचले ते टाकणाऱ्याला बघता येते. तो मेसेज सोळा जणांनी वाचलेला होता. नावांसकट दिसत होते.

ताईंनी परत आल्यावर हे आम्हाला उपासनेनंतर सांगितले. आम्हाला पुढे कितीतरी वेळ काही बोलताच येईना. सोळा जणांत आमच्यापैकी कोणी नव्हते, पण आम्ही असतो तर काय केले असते? हात जोडले असते.

आता थोडे मागे जाऊ. आमच्यातल्या ज्या पन्नाशीच्या पुढच्या आहेत त्यांना पोस्टकार्ड आठवत असेल. पोस्टमनने कार्ड टाकले आणि त्याचा कोपरा फाडलेला दिसला की वाचायच्या आधीच घरात कळायचे. कोणीतरी गेले. कार्ड कोणाच्या हाती पडले याने फरक पडत नसे. ज्या आजीला अक्षर ओळखता येत नव्हते तिलाही कोपरा वाचता येत होता. ती म्हणायची, आधी कोणाचं ते बघा. आणि कोपऱ्याला हळदीकुंकू लागलेले असेल तर ती गूळ काढायला उठायची. म्हणजे लिहिलेल्या मजकुराच्या बाहेरची ही एक भाषा होती आणि ती घरातल्या सगळ्यांना येत होती. ताईंच्या गटावर त्या गुरुवारी कोपरा फाटलेले कार्डच आले होते. सोळा माणसांनी ते वाचले, कोपरा ओळखता आला तो फक्त नववीतल्या मुलाला.

आपण म्हणतो की आजकालच्या मुलांनी भाषेची वाट लावली. नुसती अक्षरं, ना धड मराठी ना इंग्रजी. आम्हीही म्हणत होतो. मग आमच्यातल्या एकीने सासूबाईंच्या पेटीतली जुनी पत्रे काढून आणली आणि सतरंजीवर पसरली. सगळ्यात वर ॥श्री॥. खाली ती., चि., सौ. कां., रा. रा., मग सा. न. वि. वि., आणि शेवटी ता. क. एका ताईंचा नातू शेजारी बसला होता. त्याने विचारले, "आजी, हा पासवर्ड आहे का?" साष्टांग नमस्कार विनंती विशेष, हे त्याला सांगितले तर तो म्हणाला, मग पूर्ण का नाही लिहिलं? आम्ही एकमेकींकडे पाहिले. कार्ड लहान होते, हे एक. आणि दुसरे, वाचणाऱ्याला कळते याची लिहिणाऱ्याला खात्री होती. लग्न होऊन सासरी आलेल्या मुलीला हे सगळे मायने शिकावे लागत, कोणाला ती. लिहायचे आणि कोणाला चि., यात चूक झाली तर बोलणी बसत. मु. पो. पासून ह. भ. प. आणि प. पू. पर्यंत आपले सगळे घर अशा अक्षरांनी भरलेले आहे, आणि आपण मुलांना हसतो.

तारेचेही तसेच. शब्दाला पैसे पडत, म्हणून 'येतो', 'निघा', 'मुलगा झाला' एवढ्यावर भागवायचे. शुभेच्छांच्या तारेत तर ठरलेल्या वाक्यांना क्रमांक होते, नुसता क्रमांक लिहून द्यायचा, पोचताना वाक्य होऊन पोचायचे. २०१३ च्या जुलैत आपल्याकडची तारसेवा बंद झाली तेव्हा आम्हीच हळहळलो होतो.

मोबाईलवरच्या लिखाणाला सुरुवात झाली ती १९९२ मध्ये. इंग्लंडमध्ये ३ डिसेंबरला पहिला एसएमएस गेला, नाताळच्या शुभेच्छांचा. एका संदेशात १६० अक्षरांची मर्यादा, आणि आपल्या त्या जुन्या फोनवर एकेका बटणावर तीन-चार अक्षरे. 'स' काढायला चार वेळा दाबायचे. मग माणसे स्वर गाळू लागली, 'ग्रेट' लिहिताना शेवटी आठाचा आकडा टाकू लागली. हे करणारे कोण होते? आम्हीच. दिवाळीला आणि एकतीस डिसेंबरला मेसेजचा पॅक चालत नसे, पूर्ण पैसे कापले जात, म्हणून आदल्या दिवशीच 'हॅपी दिवाळी' पाठवून टाकणाऱ्या आम्हीच. आणि ज्याला आपण आजचे खूळ समजतो ते 'ओ. एम. जी.', म्हणजे अरे देवा, ते १९१७ साली एका ब्रिटिश ॲडमिरलने चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात सापडते. तो ॲडमिरल तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे होता. हे ऐकून आमच्या मंडळातल्या सगळ्यात वयस्कर काकूंना फार बरे वाटले.

आपण महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसांना तर हे जास्तच कळायला हवे. इथे इंदुरात आमच्या किती पिढ्या गेल्या. पुण्या-नाशिकचे पाहुणे आले की आमच्या 'करून राहिले', 'जाऊन राहिले' ला हसतात. हसून झाले की म्हणतात, गोड वाटतं हं. ते गोड वाटणे आम्हाला कसे लागते ते आम्हालाच ठाऊक. आणि आमची मुले त्याच एका वाक्यात मराठी, इंदुरी 'भिया' आणि इंग्रजी अक्षरे घालतात तर आम्ही त्यांना तसेच हसतो. बडोद्याच्या घरांत गुजराती 'बका' असेल, बेळगावात कानडी, हैदराबादेत 'नक्को', गोव्यात 'पात्रांव'. पोर ज्या गल्लीत वाढते त्या गल्लीचे मीठ त्याच्या जिभेवर येणारच.

इथे एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. महानुभाव पंथाच्या 'स्मृतिस्थळ' या ग्रंथात ती आहे. चक्रधरस्वामींच्या नंतर पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे होती. त्यांचे एक विद्वान शिष्य केशवदेव संस्कृतात रचना करू पाहत होते. नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवले. कारण दिले ते असे की, असे केलेस तर माझ्या म्हाताऱ्या बिचाऱ्या वंचित राहतील. ज्ञान बाटेल, धर्म बुडेल, असले काही नाही. माझ्या म्हाताऱ्यांना कळणार नाही, एवढेच. सातशे वर्षांपूर्वीचे हे बोलणे. पलीकडे नेवाशाला ज्ञानोबारायांनीही शके १२१२ मध्ये गीता मराठीत आणली ती याच मायेने. पुढे नाथमहाराजांनी भारुडात जोशी, गोंधळी, वासुदेव यांची बोली घेतली. ज्याला जी बोली कळते तीत जाऊन सांगायचे. मोठी माणसे खाली उतरली, लहानांना वर चढून या म्हणाली नाहीत.

पण त्याच महानुभावांची दुसरी गोष्टही आहे. त्यांनी पुढे आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. सकळ लिपी, सुंदरी लिपी अशी त्यांची नावे. बाहेरच्या माणसाच्या हाती पोथी लागली तरी एक अक्षर लागू नये. शेकडो वर्षे बाहेर कोणाला ते वाचता आले नाही, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुठे अभ्यासकांना त्याचा उलगडा झाला. ज्यांनी म्हाताऱ्यांसाठी भाषा उघडी केली त्यांनीच पोथ्या कुलपात का घातल्या? आपल्या जिवापाड जपलेल्या गोष्टीला कोणी हसू नये, तिची विटंबना करू नये, म्हणून. गुपित ठेवणारा दर वेळी चोर असतो असे नाही. पुष्कळदा तो भ्यालेला असतो.

मुलांच्या बाबतीत आता आपण त्या म्हाताऱ्या आहोत. पंथ त्यांचा, लिपी त्यांची, आणि वंचित आपण. आणि लहानपणी आपणही 'घरी जाऊ' चे 'चरी घ चाऊ ज' करून च-ची भाषेत बोलत होतो, ते कोणापासून लपवायला? आईपासूनच.

तर आम्ही ठरवले की शिकायचे. त्या नववीतल्या मुलालाच गुरुवारी उपासनेनंतर अर्धा तास बोलावले. तो आधी लाजला, मग एका अटीवर तयार झाला. अट अशी, की शिका, पण तुम्ही वापरू नका. "काकू लोकांनी वापरलं की तो शब्द मरतो," असे त्याचे म्हणणे. त्यात तथ्य आहे. आमच्यातल्या एका ताईंनी कुठेतरी 'एल. ओ. एल.' म्हणजे पुष्कळ प्रेम असे ऐकले होते. हा किस्सा तुम्ही इतरत्र ऐकला असेल, आमच्याकडे तो खरोखर घडला. गटावर कोणाच्या तरी सासऱ्यांच्या निधनाची बातमी आली, त्याखाली ताईंनी लिहिले, 'भावपूर्ण श्रद्धांजली, एल. ओ. एल.' म्हणजे मोठ्याने हसते आहे. त्यांच्या सुनेने अर्ध्या मिनिटात तो मेसेज पुसायला लावला.

आम्ही एक वही केली. 'नो कॅप' म्हणजे खोटं नाही, देवाशपथ. 'एन. जी. एल.' म्हणजे खोटं कशाला बोलू. 'आय. डी. के.' म्हणजे मला नाही माहीत. 'मिड' म्हणजे बेताचं. 'स्ले' म्हणजे झकास केलंस. 'डेल्युलू' म्हणजे मनातले मांडे खाणारी. 'आय. वाय. के. वाय. के.' म्हणजे ज्याला कळलं त्याला कळलं. आपल्या कूट अभंगांवर हाच शेरा मारायला हरकत नाही. 'रिझ' म्हणजे समोरच्याला भुरळ घालायची हातोटी, हा तर ऑक्सफर्डवाल्यांनी २०२३ चा शब्द ठरवला. २०२४ चा होता 'ब्रेन रॉट', फोनवर नको ते बघून मेंदू नासणे. तो शब्द मुलांचा नाहीच मुळी, अमेरिकेतल्या थोरोने १८५४ च्या पुस्तकात वापरलेला आहे. आणि रॉट कोणाचा होतो आहे हे दुपारी दोन ते चार आमचे फोन बघून ठरवावे.

शब्दांपेक्षा आम्हाला बाकीच्याच गोष्टींनी चकित केले. आपण 'ठीक आहे' लिहून पुढे पूर्णविराम देतो. शाळेत तसेच शिकवले, नाही दिला तर गुण कापायचे. मुलांच्या लेखी एवढ्याशा मेसेजपुढचा पूर्णविराम म्हणजे आई रागावली. नुसते 'के' म्हणजे बोलणे संपले, दार लावले. अंगठा म्हणजे वाचले, आता पुरे. कवटी म्हणजे हसू. आणि आपले ते जोडलेले हात! मास्तर म्हणाला, "काकू, तुम्ही वाढदिवसाला हात जोडता, कोणी गेलं तरी हात जोडता, सिलिंडर आला का विचारलं तरी हात जोडता. त्याचा अर्थ काय धरायचा?" आम्हाला उत्तर देता आले नाही. आमच्यातल्या एका ताईंची लेक बडोद्याला दिली आहे. तिने वर्षभर असे समजून काढले की आई आपल्यावर नाराज आहे. कारण काय, तर प्रत्येक मेसेजला 'बरं.' आणि ठिपका.

काही शब्द हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत, तेही वहीत वेगळ्या पानावर लिहिले. के. एम. एस. एक. दुसरा 'अनअलाइव्ह'. व्हिडिओच्या ॲपवर मरणाचे, जीव देण्याचे सरळ शब्द आले की तो व्हिडिओ दाबला जातो, म्हणून मुलांनी हा आडवळणाचा शब्द काढला आणि तो बोलण्यातही रुळला. मास्तराने सांगितले की बहुतेक वेळा ही थट्टाच असते. आपणही 'मेले मी काम करून करून' म्हणतो ना, तसे. मग खरे कसे ओळखायचे? तो म्हणाला, शब्दावरून नाही ओळखता येत. बाकीचं बघायचं. जेवतोय का, झोपतोय का, नेहमी ज्यात रमतो ते सोडलं का, मित्रांशी बोलतोय का. चौदा-पंधरा वर्षांचे पोर हे सांगत होते आणि आम्ही, घर सांभाळण्यात आयुष्य गेलेल्या बायका, वहीत लिहून घेत होतो.

मधल्या काळात गटांवर एक फॉरवर्ड फिरत होता. 'पालकहो सावधान! मुलांच्या पन्नास गुप्त शब्दांचे भयंकर अर्थ!' आम्ही तो मास्तरापुढे ठेवला. त्याने पेन घेऊन निम्म्यावर फुल्या मारल्या. हे मी कधी ऐकलेच नाही म्हणाला, आणि हे जुने झाले, आता कोणी म्हणत नाही. तेव्हा तो फॉरवर्ड आलाच तर पुढे ढकलू नये ही विनंती. ज्या शब्दाचा अर्थ हवा तो ज्याचा शब्द आहे त्याला विचारावा. आपण पोथीतला शब्द अडला तर शेजारणीला विचारतो का? जाणत्याला विचारतो.

एका प्रश्नावर आमच्यात बरीच वादावादी झाली. दोघी-तिघींचे म्हणणे पडले की हे सगळे शिकण्यापेक्षा रात्री मुले झोपली की त्यांचा फोन बघावा. लहान पोरांच्या हातात काय आहे ते आईने बघितलेच पाहिजे, हे खरे. दहा वर्षांच्या मुलाला फोन द्यायचा आणि डोळे मिटून बसायचे याला विश्वास म्हणत नाहीत. पण एकोणीस-वीस वर्षांच्या लेकीच्या मैत्रिणींशी चाललेल्या गप्पा चोरून वाचायच्या? त्याने शब्द कळतील, लेक कळणार नाही. आणि तिला समजले की ती नवी लिपी काढेल, पुन्हा शोधत बसा. आमचे मत नाही असे पडले. दोघींना ते अजून पटलेले नाही, तेही लिहून ठेवतो.

श्रवण पहिले का ठेवले असावे, यावर आम्ही त्या दिवशी पुष्कळ वेळ बोललो. कीर्तन दुसरे, स्मरण तिसरे, अगदी आत्मनिवेदन नववे. म्हणजे मन मोकळे करून सांगणे हे शेवटचे आहे, आणि ऐकणे पहिले. आपण मुलांकडून नववी पायरी आधी मागतो. सांग ना काय झालं, सांगत का नाहीस, आम्ही काय परके आहोत का. आणि आपली पहिली पायरीच चढून झालेली नसते. आमच्या महाराजांकडे कोणी अडचण घेऊन आले की ते बराच वेळ काही बोलत नसत. माणूस बोलून बोलून थांबे, मग जे खरे सांगायचे असे ते बोले. आम्ही ते शांत बसणे वर्षानुवर्षे पाहिले आणि त्याला त्यांचा स्वभाव समजलो. ती साधना होती हे आत्ता लक्षात येते आहे.

ताईंनाही हे सहज जमले नाही. पुण्यात पहिल्या दिवशी त्यांनी लेकीला नामस्मरण कर, गुरुचरित्राचा अध्याय वाच, असेच सांगितले होते. लेक 'हो' म्हणाली, पूर्णविरामासकट. रात्री मग त्यांनी काही सांगितले नाही. नुसत्या तेल लावत बसल्या तिच्या केसांना, आणि अंधारात सरळ विचारले, "तू लिहिलंस तसं तुला खरंच वाटतं का?" असे विचारल्याने मनात नसलेले भरवले जाते, ही आमची सगळ्यांचीच भीती होती. जाणकार डॉक्टर उलट सांगतात: सरळ विचारावे, माणसाला हलके वाटते. लेकीला हलके वाटले. इंदुरात परतल्यावर त्या दोघी एका डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आल्या, अजूनही महिन्यातून एकदा फोनवर बोलणे असते. गुरूंवर श्रद्धा असताना डॉक्टर कशाला, असे गटातल्या कोणी म्हणाले तर त्यांना विचारा, की गुडघ्याला जाता ना?

आणि ज्यांना लगेच कुठे जाणे शक्य नाही त्यांच्यासाठी सरकारची टेली-मानस ही सेवा आहे, क्रमांक १४४१६. पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही लागते, हिंदी-मराठीसह अनेक भाषांत बोलता येते. आईबापांनी स्वतःसाठी लावला तरी चालतो. हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आहे, तुम्हीही फ्रिजवर लावा.

ताईंनी लेकीला पोस्टकार्डाची गोष्ट सांगितली होती. फाटलेला कोपरा, हळदीकुंकू, आजीचा गूळ, सगळे. तिला ते फार आवडले. दोघींनी मग आपसात एक खूण ठरवली. लेक मैत्रिणींत हवे ते लिहू दे, कवट्या पाठवू दे, आई विचारणार नाही. पण तिने आईला नुसते 'कोपरा' असे लिहिले की आईने हातातले टाकून फोन करायचा आणि पहिली पाच मिनिटे काही बोलायचे नाही.

मागच्या आठवड्यात रात्री पावणेबाराला ताईंच्या फोनवर 'कोपरा' आले. पूर्णविराम नव्हता. ताईंनी फोन लावला आणि गॅलरीत जाऊन बसल्या. सव्वा वाजेपर्यंत बोलणे चालले होते, असे त्यांचे यजमान सांगतात. काय बोलणे झाले ते ताईंनी आम्हाला सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. सकाळी काकड्याला त्या वेळेवर आल्या होत्या, डोळे तेवढे तारवटलेले होते.

वही उपासनेच्या खोलीत समईशेजारच्या फडताळात ठेवली आहे. येत्या गुरुवारी आरतीनंतर मास्तर पुन्हा येणार आहे, ज्यांना घरातला एखादा मेसेज अडला असेल त्यांनी आणावा, मात्र ज्याचा आहे त्याला विचारून. प्रसाद बडोद्याच्या लेकीच्या आईकडे आहे. त्या आता 'बरं' च्या पुढे ठिपका देत नाहीत.

जय गुरुदेव.